मोटारीच्या वाट्याचं गोडं पाणी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या पिढीत पद्धत नव्हती, सासूचं तर त्याहून नाही. पण हे लिहायचं म्हणजे नावं घ्यावीच लागणार, नाहीतर 'हे' आणि 'त्या' यांच्यात वाचणाराचा जीव जाईल. तेव्हा सांगून टाकते. माझे यजमान रंगराव, माझी सासू सत्यभामाबाई, मुक्काम वरवट बकाल. मी विमल, साखरखेर्ड्याच्या किसनरावांची मुलगी. सासूबद्दल बायका लिहितात त्या बहुतेक उट्टं काढायला लिहितात. मला उट्टं काढायचं नाही. मला त्या बाईचे आभार मानायचे आहेत. तोंडावर मानले असते तर तिनं मला हाकलून दिलं असतं, म्हणून कागदावर मानते आहे.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं. माहेरी परसात विहीर होती आणि तिचं पाणी गोड. गोड म्हणजे साखरेसारखं नव्हे. आमच्या जिल्ह्यात जे पाणी खारं नाही त्याला गोडं म्हणतात. वरच्या अंगाला, साखरखेर्ड्याकडे, पाण्याला चव असते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण घाट उतरून खाली पूर्णेच्या काठाला आलात की जमीन काळीभोर, कापूस ढोपराएवढा, आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दात घासायला चूळ भरली तरी जीभ आक्रसते. त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात आणि वरच्या गावचे लोक तिकडे मुलगी द्यायला कुरकुरतात. माझ्या वडिलांनी कुरकुर केली नाही, कारण त्यांनी वांग्या-मिरचीचे वाफे पाहिले, माणसं पाहिली, आणि पाणी प्यायला विसरले.

पहिल्या दिवशी मी एक लोटा पाणी प्यायले आणि दुसरा मागितला. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तहान लागली का, का सवय हाये?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तहान लागली आत्याबाई."

"मंग घे. पन हे पाणी दाळीचं हाये, ध्यानात ठेवजो. आंग धुवाले, कपडे धुवाले, भांडे घासाले हीर हाये. या रांजणाले मले विचारल्याबिगर हात लावाचा नाही."

असं म्हणून त्यांनी रांजणावर फडकं ताणून बांधलं, वर पाटी ठेवली आणि पाटीवर वरवंटा. नव्या नवरीला एवढा अपमान पुरे होता. मी रात्रभर रडले आणि रडून रडून पुन्हा तहान लागली.

पुढे कळत गेलं. घरावर टिनाचं छप्पर होतं आणि त्याला चारही बाजूंनी पन्हाळ. पहिले दोन-तीन पाऊस आत्याबाई छप्पर धुऊन जाऊ द्यायच्या. त्यानंतरचा थेंबन् थेंब पन्हाळीतून फडक्यावर, फडक्यातून रांजणात. मागच्या पडवीत मानेपर्यंत पुरलेले रांजण ओळीनं होते. दिवाळीपर्यंत ते तुडुंब असायचे. त्याशिवाय नदीच्या वाळूत झिरे खणून बायका डोक्यावर गोडं पाणी आणायच्या, पण चैत्र लागला की एक घागर भरायला वाळूत बसून वाट पाहावी लागायची. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, टणटणत राहते. चहा केला तर दूध फाटतं. म्हणून रांजणाचं पाणी डाळीला, चहाला, तान्ह्या लेकराला आणि आजाऱ्याला. बाकी माणसानं खाऱ्यावर भागवायचं. हे सगळं आत्याबाई डोळ्यात तेल घालून सांभाळायच्या. गावात त्यांच्यासारखी पाण्याची चिक्कू बाई नव्हती. शेजारच्या गोजरबाई तर म्हणायच्या, सत्यभामा मेली तरी रांजणावरचा वरवंटा उचलायला उठून येईल.

सासरे आधीच गेलेले होते. नदीकाठच्या तुकड्यात आत्याबाई एकट्यानं वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि टोपली घेऊन बाजाराला जायच्या. रंगराव एकुलता एक. त्यांना शेतीचं वावडं नव्हतं, पण चाकाचं वेड होतं. आधी बैलगाडी हाकली, मग नांदुऱ्याला एका कापूसवाल्याच्या ट्रकवर राहिले, आणि माझ्या लग्नानंतर वर्षभरानं अकोल्याच्या एका वकिलाची जुनी मोटार भाड्यानं चालवायला म्हणून घरी घेऊन आले. तिचा रंग मूळचा कोणता होता हे वकिलालाही सांगता आलं नसतं. पण ती चालत होती. ज्या गावांना एस.टी. जात नव्हती तिथं रंगराव जायचे. वरातीतल्या नवरीला, खामगावला न्यायच्या आजाऱ्याला, नांदुऱ्याला आगगाडी गाठायची असलेल्या मंडळींना. वरवटात मोटार आली हे पाहायला शेजारची दोन गावं लोटली होती.

मोटार दारात उभी राहिली तेव्हा आत्याबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि नाकावर कुंकवाचं बोट ओढलं. मग रंगरावांनी झाकण उघडून दाखवलं, की हिला पुढून पाणी पाजावं लागतं, त्यानं हिचं पोट थंड राहतं. जुनी गाडी, रोज थोडं पाणी ती वाफेवर घालवायचीच. आत्याबाईंनी बैलांच्या टाक्याकडे बोट दाखवलं.

"तथूनच भरत जाय. बैल पेतात ते हिले चालन."

आणि त्यात रंगरावांनाही काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडचे बैल खाऱ्या पाण्यावरच वाढलेले, धडधाकट. वरच्या गावचा नवा बैल आणला तर तो आठवडाभर पाण्याला तोंड लावत नाही आणि एकदा लावलं की मग त्याला गोडं पाणी नको होतं. घरात वर्षानुवर्षं जनावरं सांभाळलेल्या माणसानं मोटारीला काय पाजावं हे जनावरावरूनच ठरवलं. दुसरीकडच्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसरीकडे टाक्यातलं आणि माठातलं पाणी एकच असतं. रोज सकाळी बैलांना पाणी दाखवून झालं की रंगराव त्याच टाक्यातून बादली भरून मोटारीला पाजायचे आणि तिच्या टपावर थाप मारायचे.

वर्ष सव्वा वर्ष बरं चाललं. मग मोटार तापायला लागली. नांदुऱ्याला पोचेपर्यंत दोनदा थांबायची, फुसफुसायची, सायलेन्सरमधून पांढरी वाफ सोडायची. एक दिवस नवरीला घेऊन येताना पूर्णेच्या अलीकडे ती जी थांबली ती हललीच नाही. नवरी बैलगाडीत बसून सासरी गेली आणि मोटार दुसऱ्या बैलगाडीच्या मागे बांधून नांदुऱ्याला माणिकराव मिस्त्रीच्या दुकानात गेली. त्या दिवशी मीही सोबत होते. माझ्या पोटात पहिलं होतं आणि दवाखान्यात दाखवून यायचं होतं. म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

माणिकराव तोंडाळ माणूस. त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते काढून फळीवर उलटं टाकलं. पाणी फिरायच्या भोकांत पांढरा थर बसला होता आणि काठाला धातू किडल्यासारखा टोचला गेला होता, एके ठिकाणी तर आरपार.

"कायचं पाणी टाकत होता बे यात?"

"हिरीचं," रंगराव म्हणाले.

"कोनत्या हिरीचं?"

"घरच्या. वरवटच्या."

"मंग मले काय इचारून राह्यला? तुह्या हिरीले इचार." माणिकरावांनी हेडवर बोट घासलं आणि बोट जिभेला लावून थुंकले. "रेडेटर तांब्यापितळेचा हाये, तो जरा दम काढते. पन हे हेड जर्मनचं हाये. खारं पाणी याले खाते."

ॲल्युमिनियमला आमच्याकडे सगळे जर्मनच म्हणतात. रंगरावांनी विचारलं की मग काय घालायचं. माणिकरावांनी बिडी पेटवली. त्यांना प्रश्न आवडला होता, हे त्यांनी शिव्या थांबवल्या त्यावरून कळलं.

"बंबईले एक हिरवं औषध भेटते. थंड्या मुलुखात पाणी गोठू नये म्हणून टाकतात, त्यानं जर्मनले कीडबी लागत नाही म्हंतात. पन ते औषध पाण्यातच कालवा लागते. पाणीच खारं असलं तं औषध बिचारं काय करन? बॅटरीत टाकाचं पाणी चालते, पन रोजच्याले किती शिशा आणशीन? सगळ्यात चांगलं आभाळाचं पाणी. पावसाचं पाणी धर, गाळून टाक. न् रोज सारं बदलू नको, जितकं कमी झालं तितकंच भर. आता दुसरं हेड मी अकोल्याच्या भंगारातून पाहून देतो. पन हे मॉडेल जुनं झालं. तिसरं भेटनार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

परतताना रंगरावांच्या डोक्यात काय चाललंय हे मला माहीत होतं. त्यांचा एक मित्र भिवंडीला ट्रक चालवायचा आणि ये ये म्हणून निरोप धाडायचा. हेही हेड गेलं तर मोटार भंगारात आणि रंगराव भिवंडीला. मग वर्षातून एकदा दिवाळीला तोंड दिसणार, तेही रजा मिळाली तर. मी साखरखेर्ड्याहून इतक्या लांब खाऱ्या पाण्यात आले ती या माणसासाठी आले होते. माझ्या लेकराला बाप घरात हवा होता. हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही, आज लिहिते.

पण आभाळाचं पाणी कोणाकडे होतं? आत्याबाईंकडे. आणि ते मागायची छाती कोणाची होती? नव्या हेडची मोटार दारात आली तरी रंगराव दोन दिवस तिला हँडल मारेनात. जेवताना ताटाकडे बघून बसायचे. शेवटी आत्याबाईच कडाडल्या.

"काऊन बे, मोटर नीट झाली ना? मंग तोंड पाडून काऊन बसला?"

रंगरावांनी सगळं सांगितलं, पण पाणी मागितलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, की हेड जर्मनचं आहे. आत्याबाईंचा हात परातीत थांबला.

"जर्मनचं? हे मले आंधी काऊन नाही सांगतलं? जर्मनच्या भांड्यात खारं पाणी रातभर ठेवलं तं सकाळी बुडाले सुईची भोकं पडतात, हे तं पोट्टीलेबी समजते. मी म्हटलं लोखंडाची असन. बैलाचं पाणी पाजलं मी तिले, माह्याच तोंडानं!"

मग त्यांनी हात धुतला, मागच्या पडवीत गेल्या, एका रांजणावरचा वरवंटा खाली ठेवला आणि रंगरावांना हाक मारली. मी दारात उभी राहून बघत होते. आत्याबाईंनी लोट्यानं पाणी काढलं, दुहेरी फडक्यातून घागरीत गाळलं आणि घागर लेकाच्या खांद्यावर दिली. तेवढं देताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू घरातली गाय कोणी सोडून नेली.

"हा रांजण तुह्या मोटरचा. बाकीच्याले हात लावला तं तंगडं मोडीन."

गोजरबाईंनी ही बातमी गावभर केली. माणसाला घोटभर मिळत नाही आणि सत्यभामा मोटारीला आभाळाचं पाणी पाजते. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, काय ग, मोटारीला डाळबी शिजवून घालता का? मी हसून सोडून द्यायची. आत्याबाई सोडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणायच्या, "तुह्या पोरीले कळा आल्या तं बैलगाडीत नेजो मंग." बायका घागरी उचलून चालू लागायच्या, कारण कळा कोणाच्या पोरीला कधी येतील याचा भरवसा नसतो.

रोज सकाळी मोटार थंड असतानाच आत्याबाई लोटा घेऊन यायच्या. झाकण रंगराव उघडायचे, पाणी त्या स्वतः घालायच्या. लेकाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता, सांडलं तर? काठाशी पाणी आलं की हात आवरायच्या आणि लोट्यात उरलेलं परत रांजणात. लांबच्या फेरीसाठी तेलाचा रिकामा पिपा राखेनं घासून, उन्हात वाळवून, त्यात गाळलेलं पाणी भरून द्यायच्या. दुसऱ्या गावात कोणी आदरानं बादली पुढे केली तर रंगरावांनी नाही म्हणायचं, हे बजावलेलं होतं. यावरून दोन-तीन ठिकाणी वादही झाले. खारपाणपट्ट्यात पाणी नाकारणं म्हणजे त्या घराला हिणवणं. एका गावच्या पाटलानं तर विचारलं, आमच्या हातचं पाणी तुमच्या मोटारीला विटाळतं काय? रंगराव लोटा मागून ते खारं पाणी स्वतः घटाघटा प्यायचे आणि मोटारीला आपल्या पिपातलं घालायचे. मग पाटील हसायचे.

आता हिशोब कोणी मांडला नाही, पण एक रांजण मोटारीकडे गेला तो कोणाच्या तरी पोटातून जाणार होता. मी पोटुशी होते. आत्याबाईंनी माझा माठ वेगळा केला, गोड्या पाण्याचा, आणि तो रिकामा दिसला तर माझ्यावरच ओरडायच्या. रंगराव फेऱ्यांवर, त्यांना गावोगाव काहीबाही मिळायचं. आत्याबाईंनी आपल्यासाठी चुलीमागे एक डेरा ठेवला आणि विहिरीच्या पाण्यानं भरला.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही काऊन खारं पिता?" एव्हाना मलाही 'काऊन' म्हणायची सवय झाली होती.

"मी खाऱ्याच गावात जलमली. लहानपणापासून हेच पेलं. गोडं पाणी मले मिळमिळीत लागते, तहानच जात नाही त्यानं. तू वरची हायेस, तुले नाही समजाचं."

मला ते पटलं. बैलांचं पाहिलेलं होतं ना, तसंच माणसाचंही होत असेल असं वाटलं. त्यांनी चहाही सोडला. म्हणाल्या, चहानं पित्त होतं. तेही पटलं. मी त्या वयात जे सोयीचं असेल ते चटकन पटवून घ्यायचे.

मला मुलगा झाला. खामगावला न्यायला मोटारच होती. ती वाटेत एकदाही फुसफुसली नाही. त्या सालात तिनं काय काय केलं! पाटसुळच्या वाटेवर साप चावलेला माणूस वेळेवर पोचवला, तो आजही मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतो. गावातल्या शंकररावांच्या मुलीची वरात नेली. वर्षानं माणिकरावांनी हेड उघडून पाहिलं, भोकांतून बोट फिरवलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं म्हणजे शाबासकीच होती. भिवंडीच्या मित्राचे निरोप येत राहिले आणि रंगराव "पाहू" म्हणत राहिले. रोज संध्याकाळी दारात मोटारीचा आवाज यायचा आणि मी मनात हात जोडायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या भावाचं लग्न निघालं. आत्याबाई कधी कुठे जायच्या नाहीत, रांजण कोणावर टाकणार? पण वडिलांनी स्वतः येऊन आग्रह धरला, विहीणबाई आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत म्हणाले. शेवटी रांजण गोजरबाईंच्या हवाली करून, त्यांच्याकडून लेकराची शपथ घेऊन, आत्याबाई पहिल्यांदा त्या मोटारीत बसल्या. पुढच्या सीटवर बसून वाटभर त्या मोटारीच्या पाण्याच्या झाकणाकडे बघत होत्या, वाफ निघते का म्हणून.

साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. माझी आई, कौशल्याबाई, परसातल्या विहिरीचं ताजं पाणी घेऊन ओसरीवर आली. आत्याबाईंनी लोटा घेतला, पदर सावरला आणि मान मागे टाकून वरून धार धरली. लोटा रिकामा झाला.

"अजून घालू का?" आईनं विचारलं.

"घाला."

दुसरा लोटा गेला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. गळ्याची शीर वरखाली होत होती, पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडत होतं, आणि थेंब सांडू न देणारी ही बाई, तिला त्याचं भान नव्हतं. आई म्हणाली, "विहीणबाई, उन्हातून आल्यात, दमानं." आत्याबाईंनी ऐकलं नाही. पाणी संपल्यावर त्यांनी ओला हात चेहऱ्यावरून फिरवला आणि तो हात काही वेळ तसाच तोंडावर ठेवला. मग चहा आला. दोन कप प्यायल्या. पित्ताचं नाव काढलं नाही.

मी लेकराला कडेवर घेऊन खांबाशी उभी होते. मिळमिळीत लागते म्हणाली होती ही बाई. तहान जात नाही म्हणाली होती. एवढ्या दिवसांची तहान तिनं माझ्या डोळ्यांसमोर माझ्या माहेरच्या ओसरीवर भागवली, आणि मी तिच्या घरात माझा वेगळा माठ उशाशी घेऊन झोपत होते. माझा नवरा घरी होता, माझ्या लेकराचा बाप घरी होता, तो त्या चुलीमागच्या डेऱ्यामुळे होता.

रंगराव गोठ्याजवळ मोटारीचं बॉनेट उघडून उभे होते. मी जाऊन त्यांना पाहिलं ते सांगितलं.

"मले म्हने, खारंच मानवते," ते म्हणाले. मग खिशातलं फडकं काढून हात पुसले, हात स्वच्छच होते.

लग्न पार पडलं. निघताना आत्याबाईंनी माझ्या वडिलांकडून दोन पिपे विहिरीच्या पाण्यानं भरून घेतले. "मोटरले होईन," म्हणाल्या. कॅरिअरवर बांधताना त्यांनी दोरी स्वतः ओढून पाहिली.

घाट उतरून खामगाव मागे टाकलं आणि काळ्या रानात आलो तसा रेडिएटरच्या रबरी नळीनं दम सोडला. सगळं पाणी रस्त्यावर. रंगरावांनी नळीवर जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. इंजिन थंड व्हायला आम्ही बाभळीखाली बसलो. थंड झाल्यावर आत्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, "काढ पिपा."

रंगरावांनी पिपा काढला. लोटा भरला आणि आईच्या हातात दिला.

"हे तू पे."

"मले नको. मोटरमंधी टाक."

"माय, पे म्हंतो ना."

"लगनघरी पेलं ना मी लोटेच्या लोटे! मोटरले पाह्यजे ते. मले खारंच..."

"नको सांगू," रंगराव म्हणाले. आईशी त्या सुरात बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. ते रिकामी बादली घेऊन रानातल्या एका विहिरीकडे चालू लागले. परतले तेव्हा बादली भरलेली होती आणि बादलीच्या काठाला वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ होती.

आत्याबाई धावत आडव्या आल्या. "खारं हाये ते! डोकं सडन ना बे तिचं! तिसरं भेटनार नाही म्हने तो मिस्त्री!"

"सडलं तं सडलं. घरी गेल्यावर नदीच्या पाण्यानं धुऊन काढीन. हे दोन्ही पिपे तुह्ये हायेत. आज मोटर खारं पेईन, न् तू गोडं पेशीन."

आणि त्यांनी आईच्या देखत ती बादली मोटारीत रिकामी केली. आत्याबाई रडल्या. मी त्यांना सासऱ्यांच्या आठवणीतसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मोटारीसाठी रडल्या की कशासाठी, मी विचारलं नाही. लोटा हातात तसाच होता. मी तो त्यांच्या ओठाला लावला, आणि त्या प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी रंगराव झिऱ्यावर बसून घागरीनं पाणी भरत होते, बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. दिवसभर त्यांनी इंजिन धुतलं. हेड टिकलं, पुढे कितीतरी वर्षं टिकलं. पावसाळ्याआधी गोठ्यावरही टिनाचं छप्पर चढलं आणि दोन रांजण वाढले. चुलीमागचा डेरा मी उचलून अंगणात नेला आणि त्यात तुळस लावली. आत्याबाईंचा रांजण मोटारीच्या रांजणाशेजारी, आणि त्यांचा सकाळचा लोटा मी स्वतः भरायची. त्या म्हणायच्या, ठेव तिथं, पेईन मग. मी ठेवायची नाही. त्या मला तोंडाला येईल ते बोलायच्या, वरच्या गावची उर्मट म्हणायच्या, आणि मी लोटा रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही.